नागपूरहून कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर: तिथी पाहून आखायची सहल

नागपूरहून कोकणात जायचं ठरलं की तिकीट काढण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये तिथी बघा. ताडोब्याला जाताना आपण गेटची वेळ पाहून सगळा दिवस बसवतो. किनाऱ्यावर हे काम भरती-ओहोटी करते आणि ती कुणासाठी थांबत नाही. हरिहरेश्वरचा खडकातला प्रदक्षिणा मार्ग, हेडवीची बामणघळ (भरतीचं पाणी जिच्यातून वर उसळतं ती कातळातली भेग), वाशिष्ठीतल्या मगरी, मालवणचं पाण्याखालचं जग ही चारही ठिकाणं पाण्याच्या वेगवेगळ्या पातळीला बघायची असतात. हजारेक किलोमीटर जाऊन चुकीच्या वेळी पोचलात तर बामणघळीत नुसती कोरडी भेग दिसेल आणि हरिहरेश्वरला पायऱ्यांवरूनच परत फिरावं लागेल.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा. येईल तो आकडा म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी: सकाळी नऊ आणि रात्री नऊ. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, ओहोटी बाराच्या. पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन-तीन असंच मोजायचं. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. पाऊणपटीचा हिशेब त्यातूनच आला.

हा हिशेब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. सिंधुदुर्गाकडे भरती अर्धा ते एक तास आधी येते. म्हणून तिथीवरून फक्त तारखा ठरवा. त्या दिवशीची नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवरच्या अॅपमध्ये बघा, आणि अॅपमध्ये सर्वांत जवळचं बंदर निवडलंय ना याची खात्री करा. तक्त्यात वेळेसोबत पाण्याची उंची मीटरमध्ये दिलेली असते, तीही वाचा. एकाच दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. एकीत खडक लांबवर उघडे पडतात, दुसरीत जेमतेम.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, म्हणजे भरती सर्वांत उंच आणि ओहोटी सर्वांत खोल. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी फारसं चढतही नाही आणि उतरतही नाही. उधाणाचा जोर अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस टिकतो.

आता हे सहलीला जोडून बघा. द्वितीया ते चतुर्थी या तीन दिवसांत ओहोटी सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, ऊन कोवळं असतं आणि पाणी खूप मागे गेलेलं असतं. खडकांसाठी महिन्यातले सर्वांत चांगले दिवस हेच, आणि दोन्ही पक्षांत मिळून ते दोनदा येतात. याच दिवसांत भरती दुपारी दीड ते तीनला होते, ती बामणघळीसाठी. पंचमी ते सप्तमी ओहोटी पावणेदहा ते सव्वाअकराला. त्या वेळी खाडीच्या काठचा चिखल उघडा पडतो आणि मगरी उन्हाला येतात. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस. पाणी कमी ढवळतं, गाळ खाली बसलेला असतो, म्हणून ते मालवणला पाण्यात उतरण्यासाठी ठेवा.

म्हणजे अमावास्येला किंवा पौर्णिमेला नागपूर सोडलं आणि हरिहरेश्वरपासून खाली दक्षिणेकडे सरकत गेलं, तर प्रत्येक ठिकाण आपापल्या योग्य तिथीला येतं. यासाठी नऊ-दहा दिवस लागतात. रजा पाच-सहा दिवसांचीच असेल तर किनाऱ्याचा एकच तुकडा निवडा: हरिहरेश्वर-वेळास-आंजर्ले, किंवा गुहागर-हेडवी-चिपळूण, किंवा देवगड-मालवण-वेंगुर्ला. तिन्ही तुकडे पाच दिवसांत कोंबणाऱ्यांचे बहुतेक तास गाडीतच जातात.

महिना कोणता? फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरघोस, कारण त्यात कासवांची पिल्लंही दिसतात. मुलांच्या परीक्षा आड येत असतील तर डिसेंबर-जानेवारी घ्या. पिल्लं कदाचित हुकतील, पण स्थलांतरित कुरव आणि सुरय पक्ष्यांचे थवे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, बसलेले दिसतील. नाताळ ते नववर्षाचा आठवडा मात्र टाळा. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि प्रवासी होड्याही किनाऱ्याला ओढलेल्या असतात. त्या दिवसांत खडकांवर उतरायचा विचारही करू नका.

नागपूरहून पोचणं

समृद्धी महामार्ग नागपूरपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटर आहे आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. आमणेहून पनवेल, तिथून मुंबई-गोवा महामार्गाने माणगाव आणि पुढे श्रीवर्धनमार्गे हरिहरेश्वर, असे एकूण नऊशेच्या थोडे वर किलोमीटर होतात. पुण्यावरून ताम्हिणी घाटाने माणगावला उतरलं तरी अंतरात मोठा फरक पडत नाही. नाशिक किंवा पुण्याला मुक्काम ठेवा. समृद्धीवर मोटारीला १२० ची मर्यादा आहे, तासाला शंभर किलोमीटर सहज कापले जातात, आणि तोच हिशेब डोक्यात ठेवून माणूस पुढचं वेळापत्रक बनवतो. माणगाव सोडलं की तो हिशेब विसरा. सागरी रस्त्यावर वळणं, गावातल्या गल्ल्या, खाड्या आणि फेरीबोटी धरून ताशी पंचवीस-तीस किलोमीटर पडतात.

फक्त सिंधुदुर्ग करायचं असेल तर यवतमाळ, नांदेड, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असं जाऊन घाट उतरावा. अंतर साडेनऊशेच्या घरात, मुक्काम सोलापूरला. कोल्हापूरहून गगनबावड्याच्या करूळ घाटाने उतरायचं असेल तर घाट चालू आहे का हे आदल्या दिवशी विचारून घ्या. बंद असेल तर फोंडा किंवा आंबोली घाट आहेच.

रेल्वेने जाताना सगळा घोळ गाडी बदलताना होतो. विदर्भ एक्स्प्रेस किंवा दुरांतोने मुंबई गाठून पुढे कोकण रेल्वे पकडायची तर मध्ये किमान तीन-चार तास मोकळे ठेवा. नागपूरहून मडगावला जाणारी विशेष गाडीही सुटते, तिचे सध्याचे वार तिकीट काढताना तपासा. ती मिळाली तर सामान घेऊन फलाट बदलावा लागत नाही. स्टेशन आणि समुद्र यांत मात्र अंतर असतं. गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ किंवा कणकवली, आणि तिथून पुढे तीस ते पंचेचाळीस किलोमीटर एसटी किंवा रिक्षा.

खाड्या ओलांडायला गाडीसकट नेणाऱ्या फेरीबोटी आहेत: बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ. एका फेरीने पन्नास-साठ किलोमीटरचा वळसा वाचतो. बोटीवर गाडी चढवताना खालच्या गिअरमध्ये सावकाश घ्या, कारण उताराची लोखंडी फळी ओली असते. बोटीवर हँडब्रेक ओढून ठेवा. शेवटची फेरी किती वाजता हे सकाळीच विचारून ठेवा. ती चुकली तर रात्री घाटवळणाचा वळसा घालावा लागतो.

हरिहरेश्वर: खडक आणि त्याचा नियम

सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या दगडाची आहे, तोच लाव्हाचा बसाल्ट हरिहरेश्वरला समुद्रात उतरतो. नागपूर या दख्खनच्या पठाराच्या पूर्व टोकाला आणि हा किनारा पश्चिम टोकाला. फरक इतकाच की इथे लाटा त्याला हजारो वर्षं पायथ्याशी कापत आहेत. पायथा पोखरला की वरचा भाग कोसळतो, कडा मागे सरकतो आणि पुढे एक सपाट ओटा उरतो. प्रदक्षिणेच्या वाटेवर चालताना तुम्ही याच ओट्यावर असता. कड्याच्या भिंतीत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते ती मिठाची करणी. लाटांचे तुषार दगडाच्या बारीक छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात. बोटाने दाबून बघा. काही ठिकाणी कडा इतक्या नाजूक झाल्यात की पूड हाताला लागते. जाळीत पाय रोवून वर चढायचा मोह म्हणूनच आवरायचा.

इथला नियम एकच: उतरत्या पाण्याबरोबर आत जायचं आणि ओहोटी पूर्ण होताच परतीला लागायचं. ओहोटी सकाळी आठला असेल तर सव्वासहा-साडेसहाला खाली उतरा, आठला बाहेरची वाट धरा. "अजून तर पाणी लांब आहे" हा अंदाज फसतो, कारण भरतीचं पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. चढ तीन मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम २५ सेंटिमीटर चढतं, माणूस निर्धास्त होतो, आणि तिसऱ्या तासात पाऊण मीटर चढून मागची वाट भरून टाकतं. वाटेत घळी आहेत. पाणी आधी त्या घळींत शिरतं, म्हणजे तुम्ही उभे असलेला खडक कोरडा असला तरी परतीची वाट तुटलेली असते.

दुसरा धोका लाटेचा. वारा नाही, आभाळ निरभ्र, आणि तरीही मध्येच एखादी लाट बाकीच्यांपेक्षा दुप्पट उंच येते. हजारो किलोमीटर दूर, दक्षिणेच्या महासागरात उठलेल्या वादळाच्या लाटा इथे काही दिवसांनी पोचतात. खडकावर पाय ठेवण्याआधी दहा मिनिटं वर उभं राहून लाटा बघा. खडकाचा जो भाग ओला आणि चकचकीत आहे तिथपर्यंत पाणी नुकतंच येऊन गेलंय, त्याच्या आत उभं राहायचं नाही. समुद्राकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून उंच लाटांचा इशारा जारी होतो. निघायच्या सकाळी तो बघा. इशारा असेल तर त्या दिवशी पुळणीवरच थांबा. मंदिराजवळ प्रदक्षिणा मार्ग बंद असल्याची पाटी किंवा साखळी दिसली तर पुजाऱ्यांशी वाद घालू नका. त्यांना तिथल्या पाण्याची रोजची सवय आहे.

ओहोटीला खडकांत उरलेली डबकी मुलांसाठी आणि मोठ्यांसाठीही अर्धा दिवस पुरतील इतकी भरलेली असतात. बघायची पद्धत अशी: डबक्यापासून दोन हातांवर बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका आणि पाच मिनिटं हालचाल करू नका. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालायला लागतो, त्यात संन्यासी खेकडा असतो. खडकाला चिकटलेला हिरवट गोळा हळूहळू उमलतो, ते समुद्रफूल. स्पर्श झाला की ते लगेच मिटतं. दगड उलटवून बघायचाच असेल तर एकच, सावकाश, आणि बघून झाल्यावर जसा होता तसा परत ठेवा. खालच्या बाजूला चिकटलेले जीव उन्हात उघडे राहिले तर तासाभरात मरतात. शंकूच्या आकाराचे, नक्षीदार जिवंत शंख हातात घेऊ नका, त्यातल्या काही जाती विषारी काटा मारतात.

पायात मागे पट्टा असलेली रबरी तळव्याची सँडल किंवा जुने बूट घाला. हवाई चप्पल शेवाळावर सटकते, अनवाणी गेलात तर कालवं तळपाय कापतात. खडकाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या असतात आणि त्या जखमा लवकर पिकतात. कापलंच तर स्वच्छ पाण्याने भरपूर धुऊन आतले कण काढा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन किती वर्षं झाली ते डॉक्टरांना सांगा.

वेळासची कासवं

बागमांडल्याहून फेरीने वेसवीला उतरलं की बाणकोटवरून वेळास जवळच आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. नंतर गाव आणि वनविभाग त्यात उतरले, आणि आज किनाऱ्यावर ठिकठिकाणी हे काम चालतं. आंजर्ले आणि गुहागरलाही घरटी होतात. ओडिशात २०२१ मध्ये खूण लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्याची कासवं पश्चिमेलाही येतात हे त्यावरून कळलं.

मादी रात्री येऊन वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि समुद्रात निघून जाते. कुत्री, कोल्हे, रानडुकरं आणि माणसं यांच्यापासून वाचवण्यासाठी कासवमित्र ती अंडी जाळीच्या कुंपणात हलवून तितक्याच खोल पुरतात. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी बाहेर पडतात. थंडी जास्त असेल तर दिवस वाढतात. वाळू किती तापलेली आहे त्यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, जास्त उबेत माद्या जास्त होतात. प्रत्येक घरट्यावर तारखेची पाटी असते. निघायच्या चार-पाच दिवस आधी तुम्ही जिथे राहणार त्या घरी फोन करून एवढंच विचारा: "४५ दिवस पूर्ण झालेली घरटी किती आहेत?" चार-पाच असली तर दिसण्याची शक्यता चांगली. एकही नसेल तर तारीख पुढे ढकला.

पिल्लं साधारण सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सोडतात. एका रात्रीच्या मुक्कामात दोन संधी मिळतात, दोन रात्री राहिलात तर चार. शनिवार-रविवारी दोरीमागे तीन-चार रांगा असतात, मंगळवार-बुधवारी निवांत बघता येतं. वेळासला राहणं-जेवणं गावकऱ्यांच्या घरीच. ताटांचा आकडा आणि शाकाहारी किती हे आदल्या दिवशी सांगा. मासळी सकाळीच आणावी लागते, त्यामुळे ऐन वेळी फर्माईश करून उपयोग नसतो.

दोरीच्या मागे राहण्याचं कारण सांगितलं की मुलंही ऐकतात. वाळूत आपल्या पावलाचा खड्डा पिल्लाच्या उंचीपेक्षा खोल असतो. ते त्यात पडलं की बाहेर यायला धडपडतं आणि पोहण्यासाठी साठवलेली ताकद तिथेच संपते. पिल्लू उजेडाच्या दिशेने चालतं, फ्लॅश किंवा टॉर्च लागला की समुद्राऐवजी आपल्याकडे वळतं. हातावरचं सनस्क्रीन त्याच्या अंगाला लागतं. "थोडं पुढे नेऊन पाण्यातच सोडा ना" अशी विनंती हमखास कुणीतरी करतं. ती मान्य होत नाही, कारण वाळूवरचं ते चालणं पिल्लासाठी आवश्यक मानलं जातं. ऑलिव्ह रिडले वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची एकमध्ये आहे, वाघाच्याच रांगेत. पिल्लू हातात धरून फोटो काढणं हा गुन्हा आहे.

सकाळी पिल्लं सोडून झाली की लगेच परतू नका. पुळणीच्या टोकाला, उंच झाडांवर समुद्री गरुड बसलेला दिसू शकतो: पोट पांढरं स्वच्छ, पाठ राखाडी, शेपूट आखूड आणि पाचरीसारखी. ताडोब्याला नेता तीच ८ गुणिले ४२ ची दुर्बीण इथे पुरते. घरटं दिसलं तर झाडाखाली जाऊ नका, दुरूनच बघा.

हेडवी आणि वाशिष्ठी

गुहागर तालुक्यात हेडवीच्या समुद्रकाठी उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळात अरुंद, खोल भेग आहे, तीच बामणघळ. भरतीची लाट रुंद तोंडातून आत शिरते, पुढे जागा चिंचोळी होत जाते, आणि दाबलेलं पाणी वर फेकलं जातं. भरती पूर्ण होण्याच्या तासभर आधी पोचा आणि भरतीनंतर अर्धा तास थांबा. भांगाच्या दिवसांत पाणी तेवढं येत नाही. घळीच्या काठापासून लांब, देवळाच्या बाजूच्या कोरड्या खडकावर उभं राहा. काठ ओला असतो, खाली पडलेल्याला बाहेर काढायला जागाच नसते, आणि उडालेलं पाणी खाली परतताना माणसाला आत ओढतं. मुलांचा हात सोडायचा नाही.

चिपळूणजवळ वाशिष्ठीत मगरींची होडीतून सफर होते. ओहोटी सकाळी दहाच्या आसपास असलेला, ऊन पडलेला थंडीतला दिवस यासाठी उत्तम. थंड रक्ताचा प्राणी रात्रभर गारठतो आणि सकाळी काठावर तापायला येतो. हात पाण्यात घालू नका, खाण्याचं काही टाकू नका, आणि मगर पाण्यात उतरली तर तांडेलाला (होडी चालवणाऱ्याला) पाठलाग करायला सांगू नका. चिखलावर उड्या मारणारे निवटे मासे आणि काठावरचे बगळेही तितक्याच लक्षाने बघण्यासारखे.

मालवण आणि आसपास

मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, सिंधुदुर्ग आणि पद्मगडाच्या भोवतालचा समुद्र त्यात येतो. पाणी सर्वांत स्वच्छ असतं ते सकाळी आठ ते अकरा. दुपारी समुद्रावरून वारा सुटला की पृष्ठभाग खळबळतो आणि होडीत बसणाऱ्याला उलट्याही सुरू होतात. उलटीची गोळी होडीत बसल्यावर नव्हे, अर्धा-एक तास आधी घ्यायची.

लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे लावून खांद्यापाशी वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. पाण्यात प्रवाळावर उभं राहू नका. ते दगडासारखं दिसलं तरी जिवंत आहे, आणि त्यावरचे ओरखडे लवकर भरत नाहीत. प्रवाळाचा तुकडा, समुद्री पंखा, समुद्रघोडा यांतलं काहीही सोबत आणणं कायद्याने बंद आहे, विकत घेतलेलं असलं तरी.

स्कूबा केलं असेल तर परतीची आखणी बदला. पाण्याखाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होतात. गोव्याहून नागपूरचं विमान असेल तर मध्ये किमान १८ तास ठेवा. गाडीनेही त्याच दुपारी आंबोली घाट चढू नका, तो सातशे मीटरच्या आसपास आहे. पाण्यात उतरायचा दिवस परतीच्या आदल्या दिवशीचा नको, त्याच्याही आधीचा ठेवा.

डॉल्फिन हर्णै, गुहागर, तारकर्ली, सगळीकडे दिसू शकतात. कुबड असलेली राखाडी जात किनाऱ्याला धरून राहते. सकाळी सात ते नऊ, वारा पडलेला असताना जा. होडी ठरवतानाच सांगा की पन्नास मीटरच्या आत जायचं नाही आणि डॉल्फिन दिसले की इंजिन बंद करायचं. चार होड्यांनी घेरलेला कळप बुडी मारतो आणि मग कुणालाच दिसत नाही. इंजिन बंद करून थांबलेल्या होडीजवळ ते बरेचदा स्वतःहून येतात.

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्थानिक बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिन नसल्यामुळे खंड्या, बगळे उडून जात नाहीत. भरती चढत असताना जा, ओहोटीला होडी चिखलात रुतते. समोरच्या समुद्रातले वेंगुर्ला रॉक्स मात्र लांबूनच बघावेत. तिथल्या गुहांत पाकोळ्या घरटी करतात, त्या घरट्यांची तस्करी होत आलेली आहे, आणि खडकांवर उतरणं पक्ष्यांसाठीही बरं नाही, माणसांसाठीही नाही.

नागपूरकरांची नेहमीची चूक, आणि काही उपाय

पंचेचाळीस डिग्रीची सवय असलेल्याला कोकणातले बत्तीस-तेहतीस किरकोळ वाटतात. आपल्याकडच्या कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. तिथल्या दमट हवेत तो वाळतच नाही, अंगावरून नुसता वाहतो. दुपारी बारापर्यंत कातळावर चालणाऱ्याचं डोकं दुखू लागतं, पाय गोळे येऊन आखडतात. माणशी दोन लिटर पाणी आणि त्यात मीठ-साखर किंवा ओआरएस सोबत ठेवा. अकरा ते साडेतीन सावलीत राहा. राजापूर तालुक्यातल्या कशेळीसारख्या सड्यांवर (कातळाच्या उघड्या पठारांवर) कातळशिल्पं आणि देवघळीचा कडा बघायचा तर सकाळी आठच्या आत किंवा साडेचारनंतर जा. तिरप्या उन्हात कोरलेल्या रेषाही ठळक दिसतात.

पोहायचं तर खाडीच्या मुखाजवळ कधीच नाही. ओहोटीला सगळी खाडी त्या चिंचोळ्या तोंडातून बाहेर पडत असते. पुळणीवरही दोन फुटणाऱ्या लाटांच्या मध्ये एखादा पट्टा शांत, गढूळ दिसत असेल तर तो सुरक्षित वाटतो, पण पाणी आत ओढणारा प्रवाह नेमका तिथेच असतो. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नका. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर परता. तेही जमत नसेल तर नुसतं तरंगत हात वर करा.

उथळ वाळूत पाऊल उचलून टाकण्याऐवजी घासत चाला, म्हणजे वाळूत दडलेला पाखट (शेपटीला काटा असलेला चपटा मासा) आधीच सरकतो. त्याचा काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा आणि दवाखाना गाठा. जेलीफिशचा डंख समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने नाही. उरलेले धागे चिमट्याने काढा, चोळू नका.

गाडी पुळणीवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट वाटते, चाक एकदा फिरलं की आसापर्यंत रुततं, आणि भरती दोन-तीन तासांवर असते. ट्रॅक्टर शोधेपर्यंत पाणी इंजिनात जातं. बऱ्याच पुळणींवर वाहनांना बंदीही आहे.

रोख पैसे बरोबर ठेवा, खेड्यात नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही. समुद्रावर अडचण आली तर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४, रुग्णवाहिका १०८, पोलीस ११२. जखमी कासव किंवा किनाऱ्याला लागलेला डॉल्फिन दिसला तर तो समुद्रात ढकलू नका. वनविभागाला १९२६ वर कळवा, अंगावर ओलं कापड ठेवा, डॉल्फिनच्या डोक्यावरचं श्वासाचं छिद्र उघडं राहू द्या आणि गर्दी लांब ठेवा.

परतीला घाट चढला की पहिल्याच सर्व्हिस स्टेशनवर गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, चाकांच्या आतल्या बाजूसकट. दुर्बीण आणि कॅमेरा आधी किंचित ओलसर मऊ कापडाने टिपा, मग कोरड्याने पुसा. थेट कोरडं कापड फिरवलं तर मिठाचे कण भिंगावर चरे पाडतात.